मोटारीचं पाणी कुठं जात होतं, काशिनाथ

काशिनाथ,

तुझ्याशी काय काय बोलायचं राहिलं, त्याची मी काल यादी केली. हसू नकोस. तू असतास तर म्हणाला असतास, "यादीवाले, मेल्या माणसाला पण नंबर लावता काय?" लावले. अकरा कलमं झाली. सात भांडणाची आहेत, तीन आभाराची, आणि एकाला काय म्हणावं ते मला ठरवता आलेलं नाही.

तुझा जन्म कधीचा, शाळा किती, मागे कोण कोण, हे सांगायला तुझं केळव्याजवळचं माहीम गाव आहे. मी आपल्या काळ्या मोटारीबद्दल लिहितो. आपली ओळख तिच्यामुळे झाली आणि आपल्यातली सगळी भांडणं तिच्यावरून झाली.

तारापूरला विजेच्या कारखान्याचं बांधकाम सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. मी कऱ्हाडकडचा. ठेकेदाराच्या छावणीत गाड्यांची नोंद ठेवायला आलो आणि सरावलीत एक खोली घेऊन राहिलो. तू ड्रायव्हरच्या जागेसाठी आलास. मी वही उघडून विचारलं, "किती वर्षं चालवता?"

"होडी धरून का सोडून?" तू विचारलंस.

मी "सोडून" म्हणालो आणि तसं लिहिलंही. नंतर कळलं की तू माझी फिरकी घेत होतास. त्याच आठवड्यात तू माझं नाव यादीवाले ठेवलंस, आणि महिन्याभरात साहेब सोडून सगळी छावणी मला त्याच नावानं हाक मारायला लागली. हे भांडणाचं पहिलं कलम.

तू गाडी चालवायचास ती हातानं. म्हणजे सगळेच हातानं चालवतात, पण तू बोईसर स्टेशनवर पाहुणे उतरवलेस की आधी बॉनेटवर पंजा ठेवायचास. आई पोराचं कपाळ बघते तसा. मी म्हणायचो, समोर उष्णतेचा काटा आहे, तो बघ. तू म्हणायचास, "काटा खोटा बोलतो. हात नाय बोलत." मी दर पंधरवड्याला मोटारीच्या तपासणीची यादी लिहून काढायचो, तू ती घडी करून खिशात ठेवायचास आणि तपासणी आपल्या पद्धतीनं करायचास. बहुतेक वेळा दोन्हींचं उत्तर एकच यायचं. त्याचा तुला आनंद व्हायचा आणि मला राग यायचा.

सुट्टीच्या दिवशी मुंबईचे पाहुणे केळव्याला समुद्र बघायला निघायचे. तू त्यांना सुपारीच्या वाड्यांतून इतक्या हळू न्यायचास की ते तक्रार करायचे. मी तुला विचारलं तर तू म्हणालास, "फांदी लागली तर रंग जाईल. पाहुणे काय, उद्या दुसरे येतील." मोटार ठेकेदाराची होती, पण रंग तुझा होता. रोज सकाळी तू तिला पुसायचास तेव्हा तिच्याशी काहीतरी बोलायचास. काय, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. हेही यादीत आहे.

मग त्या उन्हाळ्यात मोटारीचं पाणी कमी व्हायला लागलं.

पहिल्यांदा तूच सांगितलंस. सकाळी रेडिएटरचं झाकण काढलं की पाणी तांब्याभर खाली. दुसऱ्या दिवशी दीड तांब्या. गाडीखाली जमीन मात्र कोरडी. मी म्हणालो, तू आदल्या दिवशी नीट भरलं नसशील. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "यादीवाले, मी माशाला पाणी पाजायचा विसरंन, मोटारीला नाय विसरनार." मी ते नोंदवून घेतलं नाही. वहीत "पाणी भरले" एवढंच लिहीत राहिलो, कारण रकाना तेवढाच होता.

आठव्या दिवशी मोठे साहेब पालघरहून एका पाहुण्याला घेऊन येत होते आणि वाटेत मोटार उकळली. साहेब आणि पाहुणे अर्धा तास उन्हात उभे राहिले आणि शेवटी गवताच्या लॉरीत बसून छावणीत आले. तो प्रसंग तू किती वेळा सांगितलास! साहेब उतरले तेव्हा त्यांच्या डोक्यात गवताच्या काड्या होत्या आणि ती गोष्ट त्यांना सांगायची कुणाची हिंमत नव्हती. पाहुण्याशी बोलताना ते मान हलवायचे तशा काड्या हलायच्या. मीही तोंडावर वही धरून उभा होतो.

पण साहेब कचेरीत शिरले तेव्हा हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी मला समोर बसवलं आणि ताकीदपत्र सांगितलं. चालकाने मोटारीत पाणी भरण्यात हयगय केली. मी लिहिलं. माझ्याच अक्षरात. तू आलास, उकळत्या पाण्याचं झाकण काढताना हात भाजून पट्टी बांधली होती, तरी त्याच हातानं सही केलीस. साहेब मला म्हणाले, "आठ दिवसांत लेखी सांगा, दोष गाडीचा की माणसाचा. माणसाचा असेल तर त्याला काढून टाकू."

बाहेर येऊन तू एवढंच विचारलंस, "दोष मोटारीचा निघाला तर मोटारीला काढतील काय?"

त्या नोकरीत तुझं काय अडकलं होतं, ते मला माहीत होतं. होडीतला तुझा वाटा तू धाकट्या भावाच्या नावावर करून टाकला होतास. गावात सांगून आला होतास की आता समुद्रावर परत येणार नाही. आणि त्या गवताच्या लॉरीवाल्यानं ती बातमी त्याच संध्याकाळी माहीमला पोचवली. दुसऱ्या दिवशी तू कामावर निघालास तर ओट्यावरून कुणीतरी ओरडलं, "काय रं कोरड्या, तांब्याभर पानी देऊ काय बरोबर?" हे तूच मला सांगितलंस, हसत सांगितलंस. मीही हसलो. हसायला नको होतं.

मी यादी केली. झाकण. वरची रबरी नळी, खालची रबरी नळी, त्यांचे पट्टे. रेडिएटरची शिवण. पाण्याचा पंप. पाणी सोडायची तोटी. रोज दोन गोष्टी तपासायच्या आणि खूण करायची. तू मुकाट्यानं सगळं करू दिलंस. शिवणीवर साबण फासला, बुडबुडा नाही. नळ्या दाबून बघितल्या, चांगल्या. संध्याकाळी गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरून ठेवली, सकाळी काढली तर कागद कोरडे. इंजिनाच्या तेलात पाणी उतरतंय का, ते मी तेलाची कांडी काढून बघितलं. तेल काळंच होतं, त्यात पांढरटपणा नव्हता. पाच दिवसांत माझी यादी संपली आणि पाणी तसंच दीड तांब्या कमी.

सहाव्या दिवशी तू घरून कागदाची पुडी घेऊन आलास. हळद.

"हे काय?"

"पान्यात टाकायची. भोक असंल तिथं जाऊन बसते. आमच्या इथले ट्रकवाले असंच करतात."

मी चिडलो. हळद रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसली तर सगळंच तुंबेल, मग साहेबांना काय सांगू, भाजी केली म्हणून? तू म्हणालास, "सांगा, मोटारीचं लगीन हाय." मी पुडी काढून घेतली, टेबलाच्या खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावलं.

कुलूप लावण्याआधी तू त्यातली चिमूटभर काढून घेतली होतीस, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तू मोटार सुरू करून चांगली तापू दिलीस आणि मला हाक मारलीस. बॉनेट उघडं होतं. इंजिनाच्या मागच्या अंगाला, धुराच्या नळीच्या आड, जिथे हात जात नाही आणि नजरही जात नाही, तिथून एक बारीक पिवळा ओघळ खाली आलेला. ओला नव्हता. पाणी बाहेर येतानाच तापलेल्या लोखंडावर वाळत होतं, म्हणून जमिनीवर कधी थेंब पडला नाही. पाणी उडून गेलं आणि हळद राहिली.

"हळदीनं भोक बुजलं नाही," मी म्हणालो.

"पन दाखवलं ना," तू म्हणालास.

गळती कुणी शोधली, यावर आपण दोन वर्षं भांडलो. माझं म्हणणं असं की मी बाकीच्या सगळ्या जागा खोडून काढल्या होत्या म्हणून नजर तिथे गेली, आणि तू हळद टाकलीस ती भोक बुजवायला, शोधायला नव्हे. तुझं म्हणणं एका शब्दाचं होतं. "हळद." हा वाद मी आज सोडून देतो. तूच शोधलीस.

तिथे इंजिनाच्या अंगाला पत्र्याचं एक गोल बूच असतं, उथळ वाटीसारखं, ठोकून बसवलेलं. त्याच्या आत पाणी फिरतं. आपण मोटार बोईसरला एका मिस्त्रीकडे नेली. आडवी येणारी नळी सोडवली, त्यानं बुचाला छिन्नी लावली आणि ते पापडासारखं मोडलं. आतून लाल गंज आणि पांढरा थर बाहेर आला. मिस्त्रीनं तो पांढरा थर बोटावर घेतला, जिभेला लावला आणि थुंकला.

"नमक है," तो म्हणाला. "खारा पानी पिलाया है गाडी को. कौन पिलाता था? पहले उसको पकड़ो."

काशिनाथ, तेव्हा मला आठवलं. त्या क्षणापर्यंत खरंच आठवलं नव्हतं, यावर विश्वास ठेव.

आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात छावणीत पिण्याच्या पाण्याची टंचाई होती. पाण्याचा टँकर कधी यायचा, कधी नाही. मी गाड्यांच्या शेडवर पाटी लावली. त्यावर नियम क्रमांक चार: गाड्यांसाठी पिण्याचे पाणी वापरू नये, खाडीकडच्या विहिरीचे वापरावे. तू ती वाचून माझ्याकडे आला होतास. म्हणाला होतास, "यादीवाले, खारं पानी लोखंडाला खातं. आमच्या होडीचे खिळे बगा एकदा येऊन." माणसांना प्यायला नाही तिथे मोटारीला गोडं पाणी कुठून देऊ, असं मी विचारलं. तू म्हणालास, "ते पन खरं हाय." मग तू नियम पाळलास. पावसाळा आला, टँकर रोज यायला लागला, विहिरी भरल्या. नियम चार काढून टाकायचं माझ्या यादीत कधी आलंच नाही. आणि यादीवाल्यानं लिहिलंय म्हणून तू वर्षभर त्या विहिरीतून ड्रमात भरलेलं खारं पाणी मोटारीला पाजत राहिलास.

मिस्त्री बोटावरचं मीठ पुसत होता. मी तुझ्याकडे बघितलं नाही. तू बघितलंस. मग मिस्त्रीला म्हणालास, "गाड़ी पुरानी है, मिस्त्री. समुंदर का हवा है इधर."

"हवा अंदर नहीं घुसती, भाई."

"हमारे इधर घुसती है," तू म्हणालास आणि विषय संपवलास.

नवं बूच मिळायला मुंबई गाठावी लागली असती. तू मिस्त्रीला पितळी पत्रा दिलास, कुठून आणलास देव जाणे, आणि त्यानं तो मापानं कापून ठोकून वाटी केली. खोबण घासून स्वच्छ केली, गळू नये म्हणून कडेनं सफेदा लावला, मधोमध हातोडीचा एक ठोका. एकच. तू श्वास रोखून धरला होतास. शेजारचं बूचही तसंच सडलेलं होतं, तेही बदलून घेतलं. मग रेडिएटर चार वेळा धुतला आणि तू बोईसरच्या एका हॉटेलातून बादलीभर गोडं पाणी मागून आणून त्यात ओतलंस. परत येताना दोनदा थांबून बघितलं. पाणी काठोकाठ होतं. तू बॉनेटवर पंजा ठेवलास आणि मला म्हणालास, "ठेवा, तुमी पन ठेवा." मी ठेवला. तुझं बरोबर होतं, हाताला कळतं.

छावणीत आल्यावर मी ती पाटी काढली. दुसऱ्या दिवशी तू रिकाम्या खिळ्याकडे बघून विचारलंस, "नवीन यादी केली काय?"

"हो."

"बरं केलंत."

एवढंच. पुढे मी बोलायचं होतं. तू जागा करून दिली होतीस.

मी अहवाल लिहिला. भाग जुना होऊन गंजल्याने गळती. चालकाचा दोष नाही. एकही शब्द खोटा नव्हता. का गंजला, हे मात्र लिहिलं नाही. साहेबांनी वाचला, म्हणाले, "ठीक, काढू नका त्याला." पण ताकीदपत्र तुझ्या कागदात तसंच राहिलं, आणि मोटार दुसऱ्या ड्रायव्हरला दिली. गवताच्या काड्या ते विसरले नव्हते. तुला पाण्याचा टँकर दिला.

मी वाट बघत होतो की तू भांडशील. तू नव्या ड्रायव्हरला मोटार दाखवलीस, कुठला दरवाजा जरा उचलून लावावा लागतो, चढावर ती काय आवाज करते. मग टँकरवर चढलास आणि मला ओरडून सांगितलंस, "आता गोडं पानी मीच आनतो, यादीवाले! कमी पडलं तर माझ्या नावानं पाटी लावा!" दोन वर्षं तू छावणीला पाणी घातलंस. एक दिवसही खाडा नाही. हे मी वहीवरून सांगतो. माझ्या खोलीवर मासे आणत राहिलास, आणि कऱ्हाडच्या माणसाला काटा कसा काढायचा ते शिकवत राहिलास. मी ताप येऊन पडलो तेव्हा आठ दिवस तुझ्या घरून पेज आली. आभाराची तीन कलमं म्हणालो होतो ना, ती इथेच कुठेतरी आहेत. तुझ्यासमोर बसून जेवताना कितीदा ठरवलं, आज सांगायचं. मग तू काहीतरी चेष्टा करायचास आणि मला वाटायचं, उद्या.

तू गेल्याचं कळलं तेव्हाही मी वहीत तारीख घालत होतो. टँकर आला नाही म्हणून विचारायला माणूस पाठवणार होतो.

दहाव्याला माहीमला आलो. जानकीवहिनी आतल्या दाराशी बसल्या होत्या. लोक पांगल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. पाटी, विहीर, अहवाल. शब्द आधीच जुळवून ठेवले होते तरी नीट आले नाहीत. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला म्हाईत हाय, भाऊ."

"कधीपासून?"

"बोईसरहून आले त्याच दिशी सांगितलं त्यांनी. मी म्हटलं, मग सायबाला जाऊन सांगा. तर म्हनाले, नको. मला काढलं तर मी परत होडीवर जाईन, भावाच्या हाताखाली. यादीवाल्याला काढलं तर तो जाईल कुठं? त्याला हितं कोन हाय?"

मला तिथे बसवेना.

"शपथ घातली होती," वहिनी म्हणाल्या. "यादीवाल्याला बोलायचा नाय. म्हनून मी पेज पाठवली, पन बोलली नाय." आणि पुढे म्हणाल्या, "गावाला पन नाय सांगितलं. गाव अजून म्हनतं, पानी भरायला इसरला म्हनून सायबाच्या मोटारीवरनं काढला. त्या दिशी खांदा द्यायला आले, त्यांतला एक पन तेच बोलत होता. मी ऐकलं."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो. सगळं लिहून नेलं होतं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "दोन वर्षांनी? माणूस गेला. आता याचा काय उपयोग?"

मी म्हणालो, "त्याला नाही. पण त्याच्या कागदात माझं अक्षर आहे, आणि ते खोटं आहे."

त्यांनी कपाटातून तुझे कागद काढले. मग ताकीदपत्रावर आडवी रेघ मारून खाली सही केली. माझ्याबद्दल काय ठरवायचं ते नंतर कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही. कळवतील तेव्हा बघू. पण तुझा तो हिशेब चुकला, काशिनाथ. मला इथे कुणी नाही, असं समजून तू दोन वर्षं गप्प राहिलास, आणि तुझ्या घरी मी पाटावर बसून जेवत होतो. हे सातवं भांडण. याचं उत्तर मात्र तू दे.

तेराव्याला, साहेबांना लिहून दिलेल्या कागदाची नक्कल घेऊन परत माहीमला आलो. तुझा भाऊ होता, वाडीतली माणसं होती, पंगत उठून सगळे ओटीवर आणि अंगणात पान खात बसले होते. कागद मी वहिनींच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट बघितला आणि परत माझ्यापुढे धरला. "मला कुठं येतंय. तुमीच वाचा."

मी वाचलं. मोटारीचे बूच खाऱ्या पाण्याने सडले. खारे पाणी भरण्याचा लेखी नियम मी केला होता. चालक काशिनाथ याने तेव्हाच हरकत घेतली होती, ती मी मानली नाही. त्याने पाणी भरण्यात कधीही हयगय केलेली नाही. चूक माझी आहे.

खाली माझं पूर्ण नाव. तुझ्या गावात ते बहुधा कुणाला माहीतही नव्हतं.

अंगणात कुणीतरी पान चघळायचं थांबलं. तुझ्या भावानं मान खाली घातली. वहिनींनी पदर सावरला आणि समोरच्या ओट्याकडे हात केला. तिथे पाचसहा जण बसले होते.

"त्यांना नाय ऐकू गेलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "परत वाचा. जरा मोठ्यानं."

मी पायऱ्या उतरून अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागलो.